पान नेमकं कोणतं? संशोधकांसाठीचं अ‍ॅप काही महिने वापरल्यावर

पीडीएफ वाचा, ओळ रंगवा, टीप लिहा, संदर्भ काढा. हे अ‍ॅप एवढंच काम करतं आणि एवढंच करतं म्हणून मी त्याची वर्षाची वर्गणी भरली. नेट नसताना चालतं, सिंक बरं आहे, फोन तापत नाही. बाकीची माहिती तुम्ही वाचलेली असेलच. मला बोलायचंय ते पान क्रमांकाबद्दल.

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या तळटीपा पक्क्या करायला बसले आणि एकामागून एक आकडे चुकीचे निघू लागले. लेख नियतकालिकाच्या पान २१३ ते २४० वर छापलेला, मी रंगवलेली ओळ पान २१९ वर आणि टिपेत मात्र ‘पान ७’. म्हणजे फाइलमधलं सातवं पान. पुस्तकांचे हाल याहून वाईट. प्रस्तावना रोमन अंकांत, मजकूर १ पासून, पण अ‍ॅप मुखपृष्ठापासून सरसकट मोजत सुटतं. ‘संदर्भ कॉपी करा’ दाबलं की तोच आकडा थेट तळटीपेत जातो. परीक्षकाने पान उघडून पाहिलं आणि तिथे ते वाक्यच नसलं, तर उत्तर मी द्यायचं.

संताप याचा, की खरा आकडा अ‍ॅपकडे असतो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, चिकटवला की क्रॉसरेफ या लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून लेखक, वर्ष, खंड आणि बहुतेक वेळा ‘२१३-२४०’ हेही आपोआप भरलं जातं. त्याच स्क्रीनवर, टिपेच्या वरच दिसतं! शिवाय पानांना छापील क्रमांकाची लेबलं देण्याची सोय पीडीएफच्या मानकातच आहे. ते २००८ साली आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलं. अ‍ॅप यातलं काहीच बघत नाही.

मदत विभागाचं पहिलं उत्तर एका ओळीचं होतं: रचनाच तशी आहे. मी चित्रांसह पुन्हा लिहिलं, तेव्हा कुणीतरी नीट समजावून सांगितलं. जेस्टोर या शोधलेखांच्या ऑनलाइन संग्रहावरून उतरवलेल्या फाइलला पुढे एक जादा पान जोडलेलं असतं. २१३ पासून आपोआप मोजलं तर प्रत्येक आकडा एकाने जास्त येणार. प्लॉस वनसारख्या नियतकालिकांत तर अंकाचे सलग पान क्रमांकच नसतात, लेखालाच क्रमांक असतो. हे मला पटलं. तोवर मी ‘आपोआप मोजा’ असंच म्हणत होते. आता वाटतं, तो अंदाज जास्त घातक ठरला असता. ‘पान ७’ लगेच खटकतं. २१८ च्या जागी २१९ पडलं तर कोणाच्या नजरेत भरणार?

म्हणून मागणी बदलली: आकड्यावर बोट ठेवलं की तो दुरुस्त करता यावा, बस्स. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेस्कटॉप आवृत्तीत हे करता येतं, त्या पानापासून पुढच्या सगळ्या पानांसाठीही, आणि ते फुकट आहे. पैसे मोजून घेतलेल्या अ‍ॅपकडून तेवढी अपेक्षा रास्तच आहे.

आणि परवाच्या अपडेटमध्ये ते खरोखर आलं. आकडा दाबून धरला की चौकट उघडते: ‘या पानावर छापील क्रमांक कोणता?’ एकदा भरला की पुढची पानं त्याप्रमाणे मोजली जातात आणि रोमन अंकही चालतात. खूप आनंद झाला, कोणीतरी ऐकलं म्हणून. आधी दोन तारे देणार होते, आता चार देतेय.

पाचवा अडलाय तो जुन्या टिपांपायी. क्रमांक बदलला तरी आधी रंगवलेल्या ओळींखाली ‘पान ७’ तसंच राहतं. नव्या टिपाच तेवढ्या सुधारतात. म्हणजे आतापर्यंतचं सगळं वाचन हाताने तपासणं आलं. त्याबद्दल लिहिलंय, उत्तर यायचंय. वर्गणीची मुदत संपत आलीय. जुने आकडे एकगठ्ठा बदलता आले तरच पुढची भरणार आहे; तोवर सगळ्या टिपा टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढून ठेवल्यात. तुम्हीही हे वापरत असाल, तर नवा लेख उघडल्यावर पहिली ओळ रंगवण्याआधी तेवढा छापील क्रमांक भरून घ्या.