हीरोक्वेस्ट: वर्षभर झार्गॉनच्या पडद्यामागे बसल्यावर

"वापरामुळे झालेली झीज बदलीच्या अटींत बसत नाही." विक्रेत्याचं हे शेवटचं उत्तर. माल म्हणजे हीरोक्वेस्ट, पटावरचा खेळ: चौघे नायक होऊन मोहिमांवर जातात आणि पाचवा, झार्गॉन नावाचा खलनायक, पडद्यामागे बसून राक्षस आणि सापळे चालवतो. त्याआधी त्याने खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला होता. खोका उघडून वर्ष होत आलं, आता कुठला व्हिडिओ? मी काही फुकट मागत नव्हतो. खजिन्याच्या पत्त्यांचा कॅट सुटा मिळेल का, पैसे देतो, एवढंच विचारलं होतं. तर म्हणे सुटा मिळत नाही, नवा खोका घ्या, पाच टक्के सवलत देऊ. चार पत्त्यांचे कोपरे दुमडले म्हणून पुन्हा पाच आकडी रक्कम मोजणारा माणूस मी नाही.

बाकी मालाबद्दल तक्रार नाही, ते पटकन उरकतो. पट अजून सपाट बसतो. फर्निचर एक नंबर, विशेषतः सिंहासन आणि किमयागाराचं टेबल. काही सोंगट्यांच्या तलवारी खोक्यातून वाकड्या निघाल्या, पण त्या गरम पाण्यात बुडवून सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात धरायच्या, की काम झालं. रंगवायच्या भानगडीत पडलो नाही. रंगांच्या बाटल्यांचे भाव पाहिलेत का? नायकांची माहिती लिहायच्या कागदांचे झेरॉक्स काढून ठेवा, मूळ वही संपवू नका. 1989 ची मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉपची आवृत्ती ज्यांनी पाहिलीय त्यांना 2021 च्या खोक्यात फिमिर हा राक्षस दिसणार नाही, त्याच्या जागी अबॉमिनेशन आहे. केऑस वॉरियर आता ड्रेड वॉरियर झालाय आणि ब्रिटनच्या आवृत्तीतला खलनायक मॉरकार इथे झार्गॉन आहे. नावांचे हक्क वगैरे. मारामारीत त्याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो भटक्या राक्षसाच्या पत्त्याने. आता हा रिव्ह्यू बराचसा त्या एका पत्त्यावरच आहे, ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

नियम असा. खोलीत राक्षस शिल्लक नसेल तर नायक खजिना शोधू शकतो. पत्ता ओढायचा. सोनं, रत्न किंवा औषध निघालं तर ते मिळतं आणि तो पत्ता त्या मोहिमेपुरता कॅटमधून बाहेर जातो. सापळा किंवा भटका राक्षस निघाला तर त्याचा परिणाम भोगायचा, आणि तो पत्ता मात्र परत कॅटमध्ये. पिसायचं आणि पुढे. म्हणजे मोहीम पुढे सरकते तसं कॅटमधलं सोनं कमी होत जातं आणि संकटं तेवढीच राहतात. पहिल्या खोलीत शोध घेणारा शहाणा, सातव्या खोलीत शोध घेणारा हावरट. इतका साधा आणि इतका पाजी नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

पण याच नियमामुळे हे पत्ते बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा हाताळले जातात. आमच्याकडे खेळताना चिवडा असतो, तो असणारच. सहा-सात महिन्यांत भटक्या राक्षसाच्या दोन पत्त्यांचे कोपरे उठले, एकावर तेलाचा डाग पडला. आणि एका रविवारी भाचा कॅटकडे नुसता बघून म्हणाला, "मामा, मी नाही शोधत. वर तोच आहे." खरंच तोच होता.

त्या क्षणी माझा खेळ संपला. का संपला ते सांगण्यासाठी झार्गॉनचं दुःख सांगावं लागेल.

आमच्या घरात झार्गॉन मी. दुसरं कुणी व्हायला तयार नाही. बायकोने एल्फ घेतला, मेहुण्याने ड्वार्फ, भाच्याने बार्बेरियन, आणि विझर्ड धाकटीकडे. भाच्याने पहिल्याच दिवशी माझं नाव शकुनीमामा ठेवलं, कारण मामाही मीच आणि फासेही माझ्याच हातात. ऐकायला बरं वाटतं. पण शकुनीचे फासे शकुनीचं ऐकायचे. माझे बघा.

पांढऱ्या फाशाच्या सहा बाजू. तीन कवट्या (म्हणजे वार लागला), दोन पांढऱ्या ढाली, एक काळी ढाल. नायक पांढऱ्या ढालीवर वाचतात, म्हणजे सहात दोन संधी. माझी माणसं काळ्या ढालीवर वाचतात, म्हणजे सहात एक. सुरुवातीला मी हे हसण्यावारी नेलं. मग एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बार्बेरियन तीन फाशांनी वार करतो. समोर माझा ऑर्क, बचावाला दोन फासे, अंगात जीव एकच. हिशेब करून पाहा, चारांतल्या तीन वेळा ऑर्क पहिल्याच वारात आडवा. उलट तोच ऑर्क तीन फाशांनी बार्बेरियनवर वार करतो तेव्हा आठांतल्या पाच वेळा काहीतरी लागतं. लागलं तर काय, त्याच्या अंगात आठ जीव. एक गेला, सात उरले, तो चिवडा खात बसतो.

काळी ढाल मला मारामारीत वाचवत नाही, निदान सापळ्यात तरी साथ देईल? तिथेही नाही. ड्वार्फ सापळा निकामी करायला जातो तेव्हा काळी ढाल पडली तरच सापळा उडतो. पुन्हा सहात एक. मेहुणा तर आता सापळा दिसला की हात चोळत पुढे जातो. माझ्या वाट्याची प्रत्येक गोष्ट त्या एकाच काळ्या बाजूवर टांगलेली.

शिवाय नायक कमावतात. सोनं साठवून कुऱ्हाड घेतात, शिरस्त्राण घेतात, 850 मोहरांचं चिलखत घ्यायची स्वप्नं बघतात. मला मोहर नाही, दुकान नाही, बढती नाही. पहिल्या मोहिमेतला गॉब्लिन एका बचाव-फाशाचा होता, शेवटच्या मोहिमेतलाही तेवढ्याचाच. चिलखताबद्दल जाता जाता: ते घातलं की चालायला दोनाऐवजी एकच लाल फासा मिळतो. भाच्याने हट्टाने घेतलं आणि मग एक-एक, दोन-दोन घरं सरकत बसला. बाकीचे तीन नायक मोहीम उरकून जिन्याशी त्याची वाट पाहत होते. 850 मोहरा पाण्यात. खरेदीआधी बारीक अक्षर वाचावं, एवढं तरी तो शिकला असेल.

म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत माझं मत पक्कं झालं होतं, की हा खेळ नायकांच्या बाजूने लावलेला आहे. अपवाद पहिल्या मोहिमेचा. 'द ट्रायल'मध्ये व्हेराग नावाचा गार्गॉइल बसलाय आणि नायकांकडे तेव्हा धड हत्यारंही नसतात. आमचे दोघे तिथेच गेले आणि धाकटी रडली. नवी मंडळी असतील तर मी म्हणेन ती मोहीम मागे ठेवा. दुसऱ्यापासून मात्र पारडं फिरतं आणि फिरलेलंच राहतं.

तारे देताना मी तेव्हा दोन दिले असते. ते मत बदललं दोन कारणांनी.

पहिलं कारण गोष्टीचं. या खेळात नायकांना नावंच नाहीत हे लक्षात आलंय का? बार्बेरियन, ड्वार्फ, एल्फ, विझर्ड, हे झाले व्यवसाय आणि जाती. नाव तुम्ही कागदावर लिहायचं. घर नाही, आईबाप नाहीत, भूतकाळ नाही. आणि खलनायकांकडे बघा. उलाग नावाचा ऑर्क सरदार सर रॅग्नारला पकडून ठेवतो, नायक रॅग्नारला सोडवतात, मग उलागला त्याच्या घरात शिरून मारतात. ठीक. पण पुढे एका मोहिमेत डोळे उघडतात तेव्हा हेच चौघे कोठडीत असतात, हत्यारं काढून घेतलेली, आणि पकडणारा आहे ग्राक, उलागचा मुलगा. बापाचा सूड! मी ते पान मराठीत वाचून दाखवलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली. बायको म्हणाली, "त्याचं तरी काय चुकलं?" त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला पडद्यामागे बसल्याचं सार्थक वाटलं. खुद्द झार्गॉनही मेंटॉरचाच, म्हणजे नायकांना मोहिमांवर धाडणाऱ्या गुरूचाच, शिष्य. गुरूची पोथी उघडायला धीर धरवला नाही म्हणून बिघडलेला. चौदा मोहिमांच्या वहीत ज्याला काही हवं आहे, ज्याचं काही हरवलं आहे, असे लोक बहुतेक माझ्याच बाजूला आहेत. नायकांना फक्त बक्षीस हवं असतं.

आणि तेच दुसरं कारण. बक्षिसाची हाव. ऑर्क-गॉब्लिन माझं खरं सैन्य नव्हतंच, ते नायकांना दमवायला ठेवलेले. खरं हत्यार तो खजिन्याचा कॅट. हे कळायला मला उशीर लागला कारण मी काळ्या ढालीवर चडफडत होतो. मेहुण्याचा ड्वार्फ कुठलीही खोली शोधल्याशिवाय सोडत नाही. राक्षस संपले, मोहीम जिंकली, आता फक्त जिन्यापर्यंत चालत जायचंय, तरी हा, "एक खोली राहिली की!" ओढला पत्ता, भटका राक्षस, त्या मोहिमेचा ठरलेला जो कुणी असेल तो शेजारी उभा राहून लगेच वार करतो. एकदा असाच मेहुण्याच्या नादाने धाकटीने शोध घेतला. विझर्डच्या अंगात मुळात चार जीव, त्यातला एक उरला होता. तोही गेला. नऊ मंत्रांचा मालक, एका पत्त्याने मेला, तेही विजयानंतर. मी एकही चाल केली नव्हती. झार्गॉनचं काम चाली करणं नाहीच. लोकांनी आपणहून आणखी एक पत्ता ओढेपर्यंत गप्प बसायचं.

त्यानंतरचे तीन-चार महिने हा खेळ आमच्या घरातली सगळ्यात भारी गोष्ट होता. कॅटकडे हात गेला की चौघे एकमेकांकडे बघायचे. बायको हिशेब ठेवायला लागली की कितीदा सोनं निघालंय, म्हणजे आता धोका किती. एल्फसाठी ती दरवेळी पाण्याचे मंत्र निवडते, त्यात झोपेचा मंत्र आहे, पण सांगाडे, झोंबी आणि ममी यांच्यावर तो चालत नाही, आणि मोहिमेचा भटका राक्षस त्यांतला निघाला की तिचा चेहरा बघण्यासारखा.

आता कळेल, दुमडलेल्या कोपऱ्याने माझं काय नुकसान झालं. भीतीच गेली. वरचा पत्ता कुठला ते दिसत असेल तर ड्वार्फ हावरट राहत नाही, नुसता चलाख होतो. आणि मग माझ्याकडे उरते फक्त ती काळी ढाल.

प्लास्टिकची पाकिटं घालून पाहिली. शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळाली ती मोठी निघाली, पत्ते आत हलतात, पिसताना घसरून जमिनीवर. नेमक्या मापाची ऑनलाइन मिळतात, पण किमान ऑर्डर आणि वर डिलिव्हरी. विक्रेत्याचं प्रकरण वर सांगितलंच. मधल्या काळात मोफत ॲपही वापरून पाहिलं. ते झार्गॉनची भूमिका स्वतः करतं, त्यामुळे मीही एकदाचा नायक झालो. ॲप काम चोख करतं, राक्षस कुठे ठेवायचे, कुठे हलवायचे सगळं सांगतं. एकट्याने खेळणाऱ्याला हे वरदान आहे. आम्हाला मात्र दुसऱ्या रविवारी कंटाळा आला. सगळेच नायक झाल्यावर शिव्या द्यायला कोणी उरत नाही, आणि फोनला शकुनीमामा म्हणण्यात मजा नाही.

शेवटी उपाय सापडला माळ्यावर. हौजीचा जुना संच. कॅटमध्ये जितके पत्ते तितके आकडे घेतले, कुठला आकडा म्हणजे कुठला पत्ता याची यादी माझ्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवली, आणि आकडे कापडी पिशवीत. नायकाने हात घालून आकडा काढायचा, मी यादी बघून सांगायचं. सोनं निघालं तर आकडा बाहेर, भटका राक्षस निघाला तर आकडा परत पिशवीत. सगळे आकडे हाताला सारखेच लागतात, तेल लागलं तर पुसता येतात. खर्च शून्य. उलट एक जास्तीचा फायदा झाला: पत्ता स्वतः उलटण्याऐवजी आता त्यांना माझ्या तोंडाकडे बघावं लागतं. मी जरा वेळ घेतो. भाच्याला ते अजिबात आवडत नाही.

तारे साडेतीन. अर्धा तारा काळ्या ढालीमुळे कापलाय आणि तो मी परत देणार नाही. एक तारा या पत्त्यांचा, कारण जे पत्ते नियमानेच सतत हाताळले जाणार आहेत त्यांचे दोन-चार जादा नग खोक्यात असते तर विक्रेत्याशी तेरा मेल झाले नसते. घ्यायचा असेल तर घ्या, पण झार्गॉन कोण होणार हे आधी घरात ठरवा आणि पहिल्या दिवसापासून पिशवी वापरा. मेहुणा आता 'केलार्स कीप'चा जोडसंच घेऊ म्हणतोय. मी म्हटलं, निम्मे पैसे तुझे. त्यावर अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.