सीझर, बॉम्बशोधक पथक, मुंबई पोलीस : सर्व्हिसला पाच, रिटायरमेंटला साडेतीन

हॉटेल, कुकर, सिलिंग फॅन सगळ्यांना आपण स्टार देतो, म्हटलं जी सर्व्हिस सीएसटीवरून जाणाऱ्या प्रत्येकाने फुकटात वापरलीय तिचाही एक रिव्ह्यू होऊन जाऊ दे. सीझर म्हणजे बॉम्बशोधक पथकातला लॅब्रॅडोर. 26/11 ला मॅक्स, सुल्तान आणि टायगर या पोलीस कुत्र्यांबरोबर हा पण ड्युटीवर होता. सीएसटीवर अतिरेक्यांनी टाकून दिलेले हातबॉम्ब यानेच हुंगून काढले आणि मग नरिमन हाऊसला तीन दिवस. आपण तेव्हा घरी चॅनल बदलत बसलो होतो.

कामाची पद्धत मला जाम आवडते. चोर पकडणाऱ्या कुत्र्यासारखं भुंकणं, झेप घेणं वगैरे काही नाही, स्फोटकाचा वास लागला की गपचूप खाली बसायचं, बस्स. पंजासुद्धा मारायचा नाही, कारण बॅगेला धक्का लागला तर कुत्रा, हॅन्डलर आणि आजूबाजूचे सगळेच गेले. आणि हे करायचं कुठे तर जिथे घाम, वडापाव, फिनेल, डिझेल सगळ्याचा वास एकत्र येतो तिथे. त्यात कुत्रा दमून धापा टाकायला लागला की त्याला नीट हुंगता येत नाही, म्हणून मधेमधे ब्रेक द्यावा लागतो, तो कधी द्यायचा हे हॅन्डलरला कळलं पाहिजे. म्हणजे पाचातले अडीच स्टार त्या हवालदाराचेच धरा.

मायनस पण लिहितो नाहीतर पेड रिव्ह्यू वाटेल. हल्ल्यानंतर आठवड्याने, 3 डिसेंबर 2008 ला, सीएसटीच्याच बेवारस सामानाच्या ढिगात स्फोटकं सापडली, म्हणजे तोपर्यंत ती तिथेच पडून आणि बाजूने लोकल चालू! पण याचे मार्क कुत्र्याचे कापणार नाही, कुठला ढीग कधी तपासायचा ते माणसं ठरवतात.

जुन्या लोकांना जंजीर नावाचा कुत्रा आठवत असेल, 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतरचा. पुण्याच्या सीआयडी सेंटरमध्ये ट्रेन झालेला, त्याच्या नावावर 3,329 किलो आरडीएक्स (स्फोटक) शोधल्याची नोंद आहे, किलो बरं का, ग्रॅम नाही. तो हाडांच्या कॅन्सरने 16 नोव्हेंबर 2000 ला गेला, आठ वर्षांचा होता, रिटायरमेंट त्याच्या नशिबातच नव्हती. निरोप मात्र पूर्ण सरकारी इतमामात दिला.

सीझरला रिटायरमेंट मिळाली. तो, मॅक्स, सुल्तान आणि टायगर असे चौघं विरारला एका प्राणिप्रेमींच्या फार्मवर राहायचे. मोकळी जागा, चौघं एकत्र, अजून काय पाहिजे म्हाताऱ्या कुत्र्याला. मग दीड स्टार का कापला? तर ही सोय एखाद्याच्या चांगुलपणावर का चालावी, नोकरीभर खात्याचा म्हणून राबला तर म्हातारपणीचं खाणं आणि डॉक्टर पण खात्याच्या बजेटमधूनच व्हायला पाहिजे असं माझं मत. फार्मवाल्यांना माझ्याकडून सहा स्टार.

2016 हे वर्ष या चौघांसाठी वाईटच गेलं. एप्रिलमध्ये मॅक्स, जूनमध्ये सुल्तान, जुलैमध्ये टायगर. टायगर गेल्यावर सीझरला परळच्या हॉस्पिटलला नेलं, पेपरवाल्यांनी मित्राच्या दुःखाने आजारी पडला असं छापलं, असेलही, पण गोचीडताप पण झाला होता आणि त्या वयात तेवढा पुरतो. 13 ऑक्टोबरला तो पण गेला, तिरंग्यात गुंडाळून निरोप दिला.

जाता जाता एक टिप, स्टेशनवर ड्युटीवरचा कुत्रा दिसला की 'यू यू' करून बिस्कीट दाखवू नका, सेल्फीसाठी आडवे तर अजिबात येऊ नका. लॅब्रॅडोर खाण्यासाठी जीव टाकतो आणि पथकवाले त्याच हावरटपणावर त्याला शिकवतात. तुमच्या पारले-जी मुळे त्याचं लक्ष उडालं तर बॅग कोण हुंगणार, तुम्ही?