जर्मन फौजदारी कायद्याच्या मराठी नोट्स, विश्रामबाग (सांगली): घ्या, पण पान 31 दुरुस्त करून

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या या स्पायरल नोट्स 64 पानी आहेत, किंमत 180 रुपये. एलएलएमला जर्मनीत जाणाऱ्यांनी पहिली 30 पानं तरी घोटून घ्यावीत.

गुन्हा ठरतो का हे पाहताना कलमातले घटक, बेकायदेशीरपणा आणि ‘शुल्ड’ म्हणजे दोषार्हता, या तीन पायऱ्या याच क्रमाने घ्यायच्या आणि एक अडली की तिथंच थांबायचं, ही शिस्त कुठेही ढळत नाही. उदाहरणही इथलंच आहे. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवरून जुंपते. एक हमाल आकडा उगारून धावतो, दुसरा त्याच्या मनगटावर काठी घालतो, हाड मोडतं. जर्मन दंडसंहितेचं कलम 223, शारीरिक इजा (काठीमुळे 224, धोकादायक साधनाने इजा, सुद्धा): इजा झाली, काठीनेच झाली, मारणाऱ्याला ते कळत होतं आणि करायचंही होतं. पहिली पायरी पार. दुसरीवर कलम 32, स्वसंरक्षण: हल्ला बेकायदा होता, त्या क्षणी चालू होता, आणि तितक्याच खात्रीचा सौम्य उपाय हाताशी नव्हता. संपलं उत्तर. शुल्डबद्दल एक ओळही लिहायची नाही.

घोळ पान 31 वर आहे. घाबरून किंवा गोंधळून स्वसंरक्षणाची मर्यादा ओलांडली गेली तर कलम 33 लागतं (रागाच्या भरात ओलांडली तर नाही). नोट्समध्ये ते कलम 32 सोबत दुसऱ्या पायरीवर टाकलंय. त्याची जागा तिसरी. कृत्य बेकायदाच राहतं, फक्त करणारा सुटतो. हा फरक कागदी नाही. अशा वेळी मुद्दाम काठी पुरवणारा तिसरा माणूस कलम 27 खाली मदतनीस म्हणून अडकू शकतो, कारण तिथं मूळ कृत्य हेतुपूर्वक आणि बेकायदा असणं पुरतं, मुख्य माणसाची दोषार्हता लागत नाही. नोट्सप्रमाणे लिहिलं तर तो सुटतो, आणि पुढचं सगळं उत्तर चुकतं.

निष्काळजीपणाचं प्रकरण तर वाचूच नये. धक्का लागून दुसऱ्याची दुचाकी पडली, आरसा फुटला, तर कलम 303 (दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान) लावलंय. कलम 15 नुसार कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच निष्काळजीपणाला शिक्षा होते, आणि 303 मध्ये तसं लिहिलेलं नाही. भरपाईचा दावा होईल, गुन्हा होत नाही.

लेखनशैलीची चार पानं मात्र फार जीव ओतून लिहिली आहेत. आपल्याकडची मुलं आधी ‘दोषी’ लिहितात आणि मग कारणं देतात. तिथल्या पेपरात ‘दोषी ठरू शकेल’ अशी सुरुवात, मग व्याख्या, मग घटना व्याख्येला लावून पाहणं आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम लागतो.

पूर्ण संच नको असेल तर पहिली 30 पानं आणि ही चार सुटी मागा, दुकानदार काढून देतो.