रिपोर्टात तीनच ‘एस’ उरले तर: क्लोरॅम्फेनिकॉल, रिफॅम्पिसिन की अमिकासिन?

आमचा खंडू देशी कुत्रा आहे, वजन २० किलो. (होळकरांच्या गावात कुत्र्याचं नाव खंडू नाही ठेवायचं तर काय ठेवायचं, असं आजोबांचं म्हणणं.) मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पोटावर पुटकुळ्या आल्या. आधी सिफालेक्सिन झालं, मग अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, मग एन्रोफ्लॉक्सॅसिन. दर वेळी आठ दिवस बरं, नवव्या दिवशी पुन्हा खाजवणं सुरू. कल्चर (म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघणं) करायचं डॉक्टरांनी सुचवलं नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ताजी पुटकुळी फोडून काडीवर पू घेतला आणि लॅबला पाठवला. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. पानभर ‘आर’, म्हणजे औषध लागू पडणार नाही. ‘एस’ फक्त तीन नावांपुढे. डॉक्टर म्हणाले, “तिन्ही चालतील. घरी काय जमेल ते बघून सांगा.”

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या ओट्यावर त्या रात्री बरीच चर्चा झाली. तीच इथे मांडतोय. डोस मी २० किलोच्या हिशोबाने सांगतोय, तोही फक्त अंदाज यावा म्हणून. तुमच्या जनावराचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.

रिपोर्ट हातात आला की आधी ऑक्सासिलिनची ओळ शोधा. कुत्र्याच्या कातडीवर नेहमी सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस. तो ऑक्सासिलिनला ‘आर’ असेल तर पेनिसिलिन आणि सिफॅलोस्पोरिन गटातली नेहमीची औषधं सगळी बाद, मग त्यातल्या एखाद्यापुढे ‘एस’ छापलेलं का असेना. तपासणी माणसांच्या लॅबमध्ये झाली असेल तर जंतूचं नाव चुकून ‘ऑरियस’ (त्याच कुळातला दुसरा जंतू) असंही येऊ शकतं. त्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या.

आणि एक उपाय असा आहे की त्याला रिपोर्टात जागाच नसते: क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू. २ ते ४ टक्क्यांचा, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि फेस अंगावर निदान १० मिनिटं राहू द्यायचा. गोळ्यांना न जुमानणारा जंतूही इथे मरतो, कारण थेट कातडीवर औषधाचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. दुखणं वरवरचं असेल तर बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं, पोटातून काही द्यावं लागत नाही. डोळ्यांत मात्र जाऊ द्यायचा नाही. ती १० मिनिटं खंडूला उभं ठेवायला आम्ही शेवेचा पुडा दाखवत असू. फक्त दाखवत असू. पण त्याचं दुखणं आत गेलं होतं, गाठी झाल्या होत्या, त्यामुळे नुसत्या आंघोळीवर निभणार नव्हतं.

क्लोरॅम्फेनिकॉल हे नाव जुन्या लोकांना टायफॉइडमुळे माहीत असतं, बाकीच्यांना डोळ्यांच्या औषधामुळे. १९४७ साली सापडलेलं औषध, नव्यांपुढे मागे पडलं, आणि वापर कमी झाल्यामुळेच आज पुष्कळ हट्टी जंतूंवर चालतं. गैरसोय घड्याळाची आहे. कुत्र्याला दर आठ तासांनी, किलोमागे साधारण ५० मिलिग्रॅम. म्हणजे खंडूला ५०० च्या दोन कॅप्सूल एका वेळी, दिवसाला सहा. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. दुपारी घरी कुणी नसेल तर हे औषध विसरा, कारण एक डोस गाळून चालवण्याइतकं ते अंगात टिकत नाही. भूक मंदावते, उलट्या होतात आणि काही कुत्र्यांचे, विशेषतः मोठ्या जातींचे, मागचे पाय लुळे पडतात. औषध थांबवलं की ते पूर्ववत होतात. कुत्र्याच्या रक्तपेशींवरचा परिणामही बहुधा तसाच भरून येतो.

माणसाचं तसं नाही. क्वचित एखाद्या माणसाच्या अस्थिमज्जेचं काम या औषधाने कायमचं बंद पडतं. त्याला डोस किती गेला याचंही बंधन नाही. म्हणून हातमोजे घालूनच कॅप्सूल द्यायची, ती फोडून खाण्यात मिसळायची नाही, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने हात लावायचा नाही. तुमच्या घरात या गोष्टी जमणार नसतील तर पुढचा विचारच नको.

रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध. दिवसातून एकदा, किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, शक्यतो उपाशीपोटी. द्यायला तिघांत सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच फसवं. एकटं दिलं तर जंतू त्याला लवकर सरावतो, त्यामुळे जोडीला दुसरं काहीतरी लागतं. यकृतावर त्याचा घाव बसतो, क्वचित जीवावरही बेततं. सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर दर आठवडा-दोन आठवड्यांनी रक्त तपासायची तयारी हवी. लघवी, लाळ, अश्रू नारिंगी होतात. त्याला घाबरायचं कारण नाही, पण पांढऱ्या चादरी उचलून ठेवा. केमिस्ट चिठ्ठीशिवाय देणार नाही आणि वहीत नोंदही करेल, कारण टीबीची औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. तो नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. माझं मत विचाराल तर, ज्या औषधावर आपल्याकडे एवढे टीबीचे रुग्ण अवलंबून आहेत ते कुत्र्याच्या पुटकुळ्यांसाठी पहिलं उचलू नये.

आणखी एक गाठ इथेच सुटते. कुत्र्याला फिट येत असतील आणि त्यासाठी फेनोबार्बिटल चालू असेल तर क्लोरॅम्फेनिकॉलमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण चढतं, रिफॅम्पिसिनमुळे उतरतं. एकाने कुत्रा गुंगून पडेल, दुसऱ्याने फिट परत येतील. खाजेसाठी प्रेडनिसोलोन चालू असेल तर रिफॅम्पिसिन त्याचाही जोर घालवतं.

अमिकासिन म्हणजे रोजचं इंजेक्शन, कातडीखाली. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर खंडूला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन मिलीच्या बाटलीतलं १.२ मिली. ते चुरचुरतं, आणि कुत्रा तिसऱ्या दिवशी सिरिंज ओळखायला लागतो. गोळी थुंकणाऱ्या कुत्र्यासाठी उत्तम. धोका मूत्रपिंडाला आणि कानांना. म्हातारा कुत्रा, आधीच रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकल्याची खूण) वाढलेलं, किंवा इंदूरचा मे महिना आणि पाण्याकडे ढुंकूनही न बघणारं जनावर, यांपैकी काहीही असेल तर मी हात आखडता घेईन. लघवीची तपासणी वरचेवर करावी लागते, कारण बिघाड रक्तात दिसायच्या आधी तिथे दिसतो. आणि साचलेल्या पुवात हे औषध निकामी ठरतं.

आम्ही क्लोरॅम्फेनिकॉल घेतलं. बाबा निवृत्त, दुपारचे दोन त्यांनी सांभाळले. वहिनी बाळंतपणाला माहेरी होत्या. त्या घरी असत्या तर मी अमिकासिन निवडलं असतं आणि पाणी पाजायला दिवसभर मागे लागलो असतो. चौथ्या आठवड्यात जिना चढताना खंडूचे मागचे पाय लटपटले. डॉक्टरांनी औषध थांबवलं, आठवड्याभरात पाय सुधारले. तोपर्यंत गाठी विरल्या होत्या. पुढचं आंघोळींनी निभावलं.

काही रिपोर्टांत लिनेझोलिडपुढेही ‘एस’ दिसेल. ते माणसांसाठी राखून ठेवलेलं शेवटचं औषध आहे. तिकडे बोट दाखवूही नका.

मांजर असेल तर वरचं सगळं तसंच्या तसं लावू नका. मांजरीचं यकृत क्लोरॅम्फेनिकॉल नीट हाताळू शकत नाही. डोस बराच कमी, तोही दिवसातून दोनदाच, आणि थोडे दिवस. नेहमीचं एन्रोफ्लॉक्सॅसिनसुद्धा दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मांजर आंधळी होऊ शकते.

शेजारच्या काकूंच्या मांजरीच्या लघवीतून रक्त येत होतं, त्यांनी विचारलं, नायट्रोफ्युरँटॉइन चांगलं की फॉस्फोमायसिन? तरुण मांजरीत असं झालं तर बहुतेक वेळा जंतू नसतोच, म्हणून आधी लघवीचं कल्चर. बोका असेल, सारखा बसत असेल आणि थेंबही येत नसेल तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. जंतू सापडलाच तर नायट्रोफ्युरँटॉइन फक्त मूत्राशयापुरतं काम करतं, मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या दुखण्यावर नाही. फॉस्फोमायसिन कुत्र्याला चालतं, मांजरीचं मूत्रपिंड मात्र त्याने बिघडतं. दवा बाजारात ती ३ ग्रॅमची पुडी बायकांसाठी सहज मिळते, पण काकूंना मी ती आणू दिली नाही.