एमजीबीचं इंटिरिअर, 1 लाख 80 हजार रुपये आणि बदललेला मीटर

जुनी गाडी घरात असेल आणि तिचं आतलं काम कुणाला द्यायचं मनात असेल, तर त्याआधी माझा अनुभव वाचा. माझे पैसे गेले, पण त्याहून मोठं असं काही गेलं की ते आता विकत मिळणार नाही. दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे 1966 सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, 1798 सीसीची. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 पर्यंत ही गाडी बनत होती. आमची सुरुवातीच्या मॉडेलची, म्हणजे पत्र्याचा डॅशबोर्ड, त्यावर सुरकुत्या पडल्यासारखा दिसणारा काळा रंग, जेगर कंपनीचे मीटर आणि तारांच्या आऱ्यांचं मोठं पातळ स्टिअरिंग. वडिलांनी ती ऐंशीच्या दशकात मुंबईहून आणली. सातपूरच्या कंपनीत आठवडाभर काम करायचे आणि रविवारी गाडीखाली असायचे. दसऱ्याला घरातल्या सगळ्या वाहनांत पहिला झेंडूचा हार तिलाच. वडील गेल्यावर चार वर्षं ती गंगापूर रोडच्या घरी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. नाशिकचा पाऊस ताडपत्रीला जुमानत नाही. सीटच्या शिवणी उसवल्या, दारांना आतून लावलेले डोअर पॅड फुगले, काच वरखाली करायच्या हँडलांना पांढरे फोड आले.

गेल्या वर्षी पाडव्याला ठरवलं की येत्या दसऱ्याला गाडी बाहेर काढायची. इंजिनाचं काम नाशिकच्याच द्वारका चौकाजवळचे एक जुने मिस्त्री बघणार होते. वडिलांपासूनचे आमचे चाचा. पण चाचा कुशनचं काम करत नाहीत. एका ओळखीच्यांनी नंबर दिला. माणूस घरी आला. बोलणं अतिशय मऊ, प्रत्येक वाक्यात ताई. गाडीला हात लावायच्या आधी बूट काढले, तेही माझ्या डोळ्यांत भरलं. मोबाइलवर त्याने केलेल्या कामांचे फोटो दाखवले. लाल लेदरच्या सीट, चकचकीत डॅशबोर्ड, एकाहून एक सरस. ते फोटो त्याचे नव्हतेच. नंतर त्याने पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले, तर मागच्या भिंतीवर चपट्या चौकोनी पिनांचे प्लग पॉइंट दिसले. आपल्याकडे गोल पिना असतात. ते इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी गॅरेजचे फोटो होते. त्या दिवशी मी सीट बघत होते, भिंत कोण बघतो?

त्याने आणखी एक भीती घातली. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, त्यात नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं मिळतात, हे मला ऐकून माहीत होतं. तो म्हणाला, “ताई, आतलं काम ओरिजिनल नसेल तर आरटीओ व्हीए नंबर देणार नाही. मी सर्टिफिकेट देतो, ते लागतं.” मी विश्वास ठेवला. नंतर नियम वाचला तर त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत असं म्हटलंय. सीट आणि डोअर पॅडसाठी खासगी माणसाच्या सर्टिफिकेटची अट कुठेच नाही. असं काही कुणी सांगितलं तर घरी येऊन नियम स्वतः वाचा. मराठीत नाही मिळाला तर कुणाकडून तरी समजून घ्या, पण वाचा.

व्यवहार 2 लाख 10 हजारांना ठरला. लेदर, शिलाई, फोम, डोअर पॅड, डॅशचा रंग, क्रोम, सगळं धरून. त्याने आमच्याच पोर्चमध्ये दोन तासांत गाडी आतून मोकळी केली. दोन्ही सीट, दोन डोअर पॅड, हँडलं, डॅशचा पत्रा. आणि चारही मीटर. मी विचारलं, मीटर कशाला नेताय? म्हणाला, “पत्रा रंगवायचा तर मीटर काढायलाच लागतात ना ताई. काचा पॉलिश करून देतो, त्याचे पैसे नका देऊ.” मीटर काढावे लागतात हे खरं आहे. पण काढलेले मीटर टॉवेलात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवता आले असते. ते त्याच्याबरोबर जायचं काही कारणच नव्हतं. हे मला त्या क्षणी सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

वर्कशॉप नाशिकच्याच अंबडला आहे असं सांगायचा. मी दोनदा येते म्हटलं, दोन्ही वेळा “आज कारागीर नाही, लाइट नाही” आणि मग मिसळ खायला बोलावून तिथेच हिशोब. पहिले 80 हजार आगाऊ दिले. जूनमध्ये लेदर आलं म्हणून 60 हजार, ते रोख मागितले. ऑगस्टमध्ये क्रोमसाठी 40 हजार. यूपीआयने दिलेले 1 लाख 20 हजार त्याच्या मेव्हण्याच्या खात्यावर गेले. बिल मागितलं की “काम झाल्यावर एकदम देतो.” एकूण 1 लाख 80 हजार, आणि हातात कागदाचा कपटाही नाही.

लेदरचा नमुना मात्र त्याने खरा दाखवला होता. माझ्यासमोर काडी पेटवून कोपरा धरला, जळलेल्या केसांसारखा वास आला. तो तुकडा तो परत घेऊन गेला, तो मी मागून ठेवायला हवा होता.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी टेम्पोतून सामान आलं. पहिल्या नजरेला सुंदर. आई सीटवरून हात फिरवत राहिली. चाचा दुसऱ्या दिवशी बसवायला आले. त्यांनी डॅशचा पत्रा जागेवर धरला, हात आत घालून मीटर जोडायला लागले आणि थांबले. डॅशखाली वायरिंगमधून एका पांढऱ्या वायरचा वेढा लोंबत होता. चाचा तो बोटावर घेऊन म्हणाले, “बेटी, हा वेढा कशात बसवू? ह्या मीटरला त्याची जागाच नाही.”

हे नीट सांगते, कारण माझी फसवणूक इथेच उघडी पडली. त्या काळच्या एमजीबीच्या आरपीएम मीटरच्या, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणाऱ्या मीटरच्या, चकतीवर खाली बारीक अक्षरांत आरव्हीआय ने सुरू होणारा नंबर असतो. ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलला जाणारी पांढरी वायर ह्या मीटरच्या पाठीवरच्या एका ठोकळ्यात वेढा घालून पुढे जाते. पॉइंट, म्हणजे करंट तोडणारा-जोडणारा छोटा स्विच, उघडमिट होतात तसा त्या वायरीतला करंट तुटतो-जुळतो, आणि मीटर ते ठोके मोजून काटा हलवतो. नंतरच्या वर्षांत आलेल्या मीटरला वेढा लागत नाही, ते कॉइलवरून एका साध्या वायरीने व्होल्टेज घेतात. आमच्या हातात आला होता तो असा नंतरचा मीटर, चकती बदललेला. शिवाय आमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला आहे, 1967 पर्यंतच्या एमजीबीत तसंच असायचं. नंतरच्या गाड्यांत मायनस बॉडीला आला. चाचांनी नुसता जोडून बघितला असता तर मीटर तिथेच जळाला असता आणि तो माणूस म्हणाला असता, तुमच्या मिस्त्रीने जाळला.

मी गाडी मोकळी करायच्या आधी आठवण म्हणून चारही मीटरचे जवळून फोटो काढले होते. ते शेजारी धरले. जुन्या चकतीवर जेगर हे अक्षर बारीक, किंचित पिवळसर. ह्याच्यावर जाड आणि पांढरंफटक. आरव्हीआय चा नंबर नाहीच. स्पीडोमीटर मात्र आमचाच होता, एसएन ने सुरू होणारा नंबर जुळला. बाकीचे दोनही जुळले. चारांतला सगळ्यात मोलाचा एक काढून घेतला होता.

मग एकेक वस्तू उलटून पाहिली. सीट पालथी केली, खालच्या चौकटीला कव्हर जिथे अडकवतात तिथली कड उचकटली. लेदरची मागची बाजू मऊ, तंतुमय असते. इथे पांढरं विणलेलं कापड होतं, म्हणजे रेक्झिन. फोन केला तर म्हणाला, “ओरिजिनलमध्ये पण बाजूला रेक्झिनच होतं ताई.” हे अर्धं खरं आहे. त्या सीटांना माणूस बसतो त्या भागावर लेदर आणि कडेला, पाठीला रेक्झिन असायचं. पण इथे बसायचा भागही रेक्झिनच होता. अर्ध्या खऱ्या माहितीवरच हे लोक चालतात. गाडीची माहिती त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते आणि ती ते आपल्याविरुद्ध वापरतात.

हँडलांवर शंका आली म्हणून नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकावर घासलं. बोळ्यावर चांदीसारखा रंग आला. खरं क्रोम असं निघत नाही. आधी तांबं, मग निकेल आणि वर क्रोमचा पातळ थर असा तो मुलामा असतो, रिमूव्हरने त्याला काही होत नाही. हा स्प्रेचा डबा होता. खालचे फोडसुद्धा न घासता वरून मारलेला. डॅशचा सुरकुत्यांचा रंगही तसाच. तो रंग उष्णता देऊन नीट उमटवावा लागतो, तेव्हा सुरकुती सगळीकडे एकसारखी येते. आमच्या पत्र्यावर बंपरखाली मारतात तो खडबडीत स्प्रे होता. नखाने पापुद्रा निघाला आणि खाली जुना गंज तसाच.

हे सगळं पैशाने परत करता येतं. डोअर पॅडचं नाही. जुने पॅड हार्डबोर्डचे होते. वडिलांनी 1987 मध्ये ते स्वतः बदलले होते आणि आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं: तारीख, किती बारीक खिळे लागले त्याचा हिशोब, आणि खाली माझं पाळण्यातलं नाव. मी तेव्हा नुकती जन्मले होते. नव्या पॅडला आत प्लायवूड आहे. जुने कुठेत विचारलं तर म्हणाला, “भंगारात दिले, ते काय कामाचे?” त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. अंबडच्या पत्त्यावर गेले, तिथे पाइप फिटिंगचं दुकान आहे, त्यांनी हे नावही ऐकलेलं नव्हतं.

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा “हा तुमचा आपसातला व्यवहार” असं ऐकावं लागलं. मी मीटरचे आधीचे आणि नंतरचे फोटो समोर ठेवले. काम वाईट झालं ही एक गोष्ट, आणि सोपवलेली वस्तू ठेवून घेऊन दुसरी दिली ही वेगळी, एवढंच म्हणत राहिले. भारतीय न्याय संहितेत कलम 318 फसवणुकीचं आणि 316 विश्वासाने सोपवलेल्या मालाच्या अपहाराचं आहे. लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या, तोंडी सांगून घरी येऊ नका. दुसरीकडे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथून मला बरीच मदत झाली. रोख दिलेल्या 60 हजारांचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त त्याचा व्हॉट्सॲपवरचा “मिळाले ताई” हा मेसेज आहे. तो मी पुसला नाही, हे नशीब.

आता काम पुन्हा चालू केलंय, पण वेगळ्या पद्धतीने. लेदर मी स्वतः मुंबईला जाऊन चौरस फुटाच्या भावाने घेतलं, बिलासकट. प्रत्येक चामड्याच्या मागच्या बाजूला माझी सही केली. कुशनवाला सहीचा तुकडा कापताना मला दाखवतो, उरलेल्या कातरणाही परत देतो. हँडलं मुलाम्यासाठी देताना प्रत्येकाच्या आत, स्क्रूच्या भोकाशी, सुईने एक रेघ ओढली. ही हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिली तर खाल्ली जातात, म्हणून मुलामावाल्याला आधीच सांगितलं आणि त्यानेही आधी एकच करून दाखवलं. पैसे प्रत्येक टप्प्याचं काम डोळ्यांनी बघितल्यावर, ज्याचं काम त्याच्याच खात्यावर. आणि जुनं निघालेलं सगळं, फाटकं कव्हर असो की कुजका फोम, पोत्यात भरून माझ्या घरी परत. जुनी कव्हरं नव्याच्या मापासाठी लागतात, पण माप झालं की ती तुमची आहेत.

चाचांनी डॅशखालचा पांढरा वेढा तसाच टेपने बांधून ठेवलाय.

आमचा मीटर कुठेतरी विकला गेला असणार किंवा विकायला निघेल. पुण्या-मुंबईकडच्या, कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना माझी विनंती आहे. जेगरचा, आरव्हीआय नंबरचा आरपीएम मीटर कुणी दाखवला तर घ्यायच्या आधी तो हातात घेऊन बघा. आमच्या मीटरच्या पुढच्या चंदेरी कड्यावर, सर्वांत मोठ्या आकड्याजवळ, तिरका चरा आहे. आणि मागच्या डब्याला, स्क्रूच्या शेजारी, करंगळीचं टोक बसेल एवढा पोचा आहे. तो माझ्या हातून पाना पडून झाला होता, मी सहा वर्षांची असताना.