अठ्ठावीस, बत्तीस की चौतीस? नाशिकच्या घाटांसाठी रोड बाईकचे गिअर

नांदुरी मागे पडली की सप्तशृंगी गडाचा दहाएक किलोमीटरचा घाट लागतो. पहिल्या दोन वळणांपर्यंत सगळे बोलत असतात. मग बोलणं थांबतं आणि कुणाचं तरी बोट उजव्या लिव्हरवर जातं. लिव्हर आत जातो, मागे काहीच हलत नाही. गिअर संपलेत, आणि घाट तर आत्ता कुठे सुरू झालाय.

"हलका गिअर हवाय, काय बदलू?" असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या बाईकला पुढे ५०/३४ दात्यांचं कॉम्पॅक्ट क्रँक (पॅडलजवळची दोन दातेरी चाकं) आणि मागे ११-२८ चं कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच) असतं. म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३४/२८. एका पॅडलच्या फेऱ्यात बाईक साधारण अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे टिकवायचे तर वेग १०.७ किमी ठेवावा लागतो. चढ सात टक्के धरा, बाईक-बाटल्यांसकट वजन ८५ किलो धरा. पायांतून सुमारे २०० वॅट सतत निघायला हवेत. रविवारी सायकल आणि सोमवारी ऑफिस असं चाललेल्या माणसाला हे तासभर जमत नाही. मग फेरे पन्नासच्या खाली येतात, खांदे डोलायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा बोलतो.

तेच मागे ३४ लावलं तर ७० फेऱ्यांना वेग ८.८ किमी आणि ताकद १६५ वॅटच्या आसपास. पुढेही ३० केलं तर ७.८ किमी आणि १४५ वॅट. गडावर थोडं उशिरा पोचाल, पण चढवत पोचाल, ढकलत नाही.

आधी कॅसेटचं बघू, कारण निम्म्याहून जास्त लोकांचं काम तिथेच भागतं.

मोठ्या कॅसेटवर नेहमीचा आक्षेप असा की गिअरमधली अंतरं वाढतात आणि सपाटीवर लय बिघडते. अकरा-स्पीडवाल्यांनी, म्हणजे मागे अकरा चकत्या असणाऱ्यांनी, एकदा दाते कागदावर मांडून बघावेत. शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीचं ११-२८ असं जातं: ११-१२-१३-१४-१५-१७-१९-२१-२३-२५-२८. ११-३४ असं: ११-१३-१५-१७-१९-२१-२३-२५-२७-३०-३४. पंधरापासून पंचवीसपर्यंत दोन्ही अगदी सारखी! गेलं काय, तर १२ आणि १४. पुढच्या पन्नासवर, ९० फेऱ्यांना, १५ चा दाता म्हणजे ताशी ३८ किमी आणि १३ चा म्हणजे जवळपास ४४. मधला १४ नसल्याचं दुःख त्या वेगाने जाणाऱ्याला होईल. गंगापूर रोडने धरणाकडे समोरचा वारा खात तिशीच्या आत चालणाऱ्या आपल्यासारख्यांना काहीच फरक पडत नाही.

गंमत म्हणजे मधला मार्ग म्हणून सुचवलं जाणारं ११-३२ या बाबतीत उलटं वागतं. त्याचे दाते ११-१२-१३-१४-१६-१८-२०-२२-२५-२८-३२. वरचे वेगवान गिअर त्याने राखलेत, आणि आपण दिवसभर वापरतो ते मधले सगळे बदललेत. म्हणून माझं मत सरळ आहे: डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) परवानगी देत असेल तर बत्तीसवर थांबू नका, चौतीसच घ्या. वजन पन्नासेक ग्रॅमने वाढतं, म्हणजे गडावरचे दोन पेढे. आठ किंवा नऊ स्पीडला मात्र हे गणित लागू नाही. तिथे चकत्या कमी असल्याने अंतरं खरंच जाणवतात, आणि मी स्वतः तिथे बत्तीस घेईन.

सगळं अडतं ते डिरेलरपाशी. त्याच्या आतल्या बाजूला मॉडेल नंबर कोरलेला असतो, तो वाचा. उदाहरणार्थ शिमानोच्या १०५ च्या आर-७००० मालिकेत आखूड केजचा (केज म्हणजे डिरेलरचा खाली लोंबणारा, चेन ताणून धरणारा हात) डिरेलर ३० पर्यंत जातो, लांब केजचा ३४ पर्यंत. दुसरी मर्यादा ढिली चेन आवरण्याची: पुढचा फरक (५० वजा ३४) १६, मागचा (३४ वजा ११) २३, बेरीज ३९. लांब केजची क्षमता नेमकी ३९ आहे, आखूडची ३५. म्हणजे आखूड केज असेल तर कॅसेट, चेन आणि डिरेलर असा तिघांचा खर्च धरा. डिरेलर खाली सरकवणारा छोटा लिंक मिळतो, त्याने आखूड केजवरही मोठं कॅसेट चालतं. पण गिअर पडायला मंद होतात आणि ढिल्या चेनचा प्रश्न राहतोच. एखाद्या मोहिमेपुरता ठीक, कायमचा मला पटत नाही.

चेनवर पैसे वाचवू नका. मी वाचवले होते. नवं ३४ लावलं, जुनी चेन तशीच ठेवली आणि सावळघाटात चुकून पुढे मोठं, मागे मोठं असा गिअर पडला. चेन तारेसारखी ताणली गेली, डिरेलर पुढे तोंड करून आडवा झाला आणि पॅडल जागच्या जागी अडकलं. डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर वाकला. घरी टेम्पोतून आलो. डिरेलरमधून न नेता दोन्ही मोठ्या चाकांवरून चेन गुंडाळून लांबी मोजायची आणि वर चेनच्या दोन कड्या सोडायच्या, एवढं आधी केलं असतं तर ती वेळ आली नसती.

आता क्रँक. जुन्या ५३/३९ वाल्यांनी इथून सुरुवात करावी. १३० मिमी बोल्ट-वर्तुळाच्या (चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते) जुन्या क्रँकवर ३८ पेक्षा लहान चेनरिंग, म्हणजे पुढचं दातेरी चाक, बसतच नाही, त्यामुळे अख्खं क्रँक बदलून ५०/३४ घ्यावं लागतं. ५२/३६ असेल तर घाई नको. ३६/३४ आणि ३४/३२ जवळपास एकच, तेव्हा कॅसेटवर भागेल. आणि जुन्या बाईकला ५०/३९/३० चं ट्रिपल असेल तर ते भंगारात काढायला निघालेल्या मित्राचं ऐकू नका. ३०/२५ म्हणजेच ३४/२८. तुमच्याकडे हलका गिअर आधीपासूनच आहे.

४६/३० चं सबकॉम्पॅक्ट क्रँक हा त्याहून पुढचा उपाय, पण खर्चिक आणि खटपटीचा. पुढचा डिरेलर खाली घ्यावा लागतो आणि काही फ्रेमवर तो तितका खाली येतच नाही. शिमानोच्या जीआरएक्स या कच्च्या रस्त्यांसाठीच्या मालिकेतल्या क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) अडीच मिमी बाहेर असते, म्हणून पुढचा डिरेलरही त्याच मालिकेतला लागतो. पॅनिअर (सामानाच्या पिशव्या) लावून भंडारदऱ्याकडे जाणारे, पन्नाशी ओलांडलेले किंवा गुडघ्याने एकदा इशारा दिलेले यांनी जरूर करावं. टॉप स्पीड जाईल ही भीती फोल आहे. ४६/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ४७ किमी मिळतात. कसारा घाट उतरताना ट्रकांच्या रांगेत त्याहून जोरात पॅडल मारायचं कशाला?

रोजची फेरी त्र्यंबक रोडपुरती असेल तर २८ वरच राहा, पैसे टायरवर घाला. सिन्नरकडचा मोहदरी घाट लहान आहे, दम खात २८ वर निघतो. खालून कसारा चढून इगतपुरीला यायचं किंवा गड करायचा, तर ३४.

"एवढा मोठा कॅसेट? डोंगरावरची सायकल आहे का?" असं कुणीतरी म्हणेलच. त्याला कसाऱ्याला उभं करावं. तिथे रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, आणि तरी गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात.

शेवटची एक बारीक गोष्ट. शिमानोचं अकरा-स्पीडचं ११-३४ कॅसेट जुन्या दहा-स्पीड हबवर (हब म्हणजे चाकाचा मधला भाग, कॅसेट त्यावर बसतं) थेट बसतं, पण अकरा-स्पीडच्या रोड हबवर त्याच्यामागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. ही पातळ चकती खोक्यातच राहून जाते. दुकानातून निघण्याआधी कॅसेट बोटांत धरून हलवून बघा. खुळखुळलं तर चाक परत आत द्या.