फॉरमॅट मारायच्या आधी: ॲडवक्लीनर आणि यूब्लॉक ओरिजिन लाइट

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून 'तुमच्या पीसीत 5 व्हायरस सापडले' असा चौकोन दर पाच मिनिटांनी डोकं वर काढू लागला की दुकानातून ठरलेलं उत्तर येतं, मग दुकान लातूरचं असो की परभणीचं: फॉरमॅट मारावा लागेल. बहुतेक वेळा तो मारावा लागत नाही. फॉरमॅटमध्ये मराठी फॉन्ट जातात, टॅलीचा डेटा जातो, लेकरांचे फोटो जातात. वर क्रॅक केलेली विंडोज टाकून मिळाली, तर नव्या कटकटीचं बी तिच्यासोबतच येतं. जाहिराती घुसवणारे प्रोग्राम झाडून काढणारं मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडवक्लीनर आणि ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं रेमंड हिल यांचं यूब्लॉक ओरिजिन लाइट ही दोन्ही साधनं फुकट आहेत आणि दोन्ही कामाची आहेत. मात्र कुठल्या दुखण्यावर कुठलं लावायचं हे कळलं पाहिजे.

आधी चौकोन नीट पाहा, पण त्यावर क्लिक करू नका. आत बारीक अक्षरात 'गूगल क्रोम' आणि खाली एखाद्या अनोळखी साइटचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर तो व्हायरस नाही, नोटिफिकेशन आहे, आणि त्याला परवानगी घरातल्याच कुणीतरी दिलेली असते. दहावीचा निकाल किंवा सातबारा शोधताना भलत्याच साइटवर गेलं की 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा' असं येतं. खऱ्या तपासणीत अलाउ दाबायला कधीच सांगत नाहीत. विंडोज एक्सपीच्या काळात असे राखाडी डबे विंडोजच्या मेसेंजर सर्व्हिसमधून थेट घुसायचे, कुणाला विचारायचेसुद्धा नाहीत. मायक्रोसॉफ्टने 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 मध्ये ती सेवा मुळात बंद ठेवली. आताचे निदान विचारून तरी येतात!

यावर कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे अलाउच्या यादीत जी नावं ओळखीची नाहीत, त्यांच्यापुढचे ठिपके दाबून ब्लॉक करा. नुसतं रिमूव्ह केलं तर तीच साइट पुन्हा विचारू शकते. त्याच पानावर कुठल्याही साइटला विचारूच न देण्याचा पर्याय आहे, घरच्या कॉम्प्युटरला तोच बरा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही अशीच यादी असते.

इथे दोन गोष्टी हमखास सुटतात. क्रोममध्ये आई-बाबांचं एक आणि मुलाचं दुसरं प्रोफाइल असेल, तर परवानगीची यादी प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते. एक साफ केलं तरी दुसऱ्यातून चौकोन येतच राहतात आणि 'काहीच फरक पडला नाही' म्हणून कॉम्प्युटर दुकानात जातो. दुसरं म्हणजे सेटिंग्जमधल्या सिस्टिम पानावर क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंडला चालू ठेवण्याचं बटण असतं, तेही बंद करा.

नोटिफिकेशनची यादी स्वच्छ आहे, तरी होमपेज बदललंय, शोधलेलं भलत्याच सर्च इंजिनात उघडतंय, नको ते टॅब आपोआप उघडतायत, अशी लक्षणं असतील तर ॲडवक्लीनर वापरा. हे फक्त विंडोजवर चालतं आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. उतरवताना मात्र सावध. सर्चमध्ये सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' म्हणून येणारी लिंक आणि डाउनलोड साइटवरची ढोबळ हिरवी बटणं टाळा, थेट मालवेअरबाइट्सच्या साइटवरून घ्या. उघडून स्कॅन नाऊ दाबलं की साधारणपणे काही मिनिटांत यादी समोर येते.

यादी आली की घाईने सगळ्यावर टिक करून मोकळं होऊ नका. 'प्रीइन्स्टॉल्ड' म्हणून जे दाखवतं ते लॅपटॉपच्या कंपनीनेच टाकलेलं असतं. ते व्हायरस नसतं, आणि त्यातल्या एखाद्यावर कीबोर्डची खास बटणं चालत असतात. माहीत नसेल तर ती टिक काढा. उरलेलं क्वारंटाइन करा, म्हणजे बाजूला कोंडून ठेवा. त्याआधी उघडी कामं सेव्ह करा, कारण ते चालू प्रोग्राम बंद करतं आणि बऱ्याचदा रीस्टार्ट मागतं. चुकून कामाचं काही गेलं तर क्वारंटाइनमधून परत आणता येतं, ही याची खरी जमेची बाजू.

साफ करूनही तेच एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) परत आलं तर दोष ॲडवक्लीनरचा नसतो. क्रोमचं सिंक, म्हणजे सेटिंग्ज गूगल खात्यात साठवणं, चालू असतं आणि खात्यात साठलेलं एक्स्टेन्शन पुन्हा उतरतं. फॉरमॅट मारलेल्या कॉम्प्युटरवरही लॉगिन करताच ते हजर होतं, ते याच वाटेने. म्हणून आधी क्रोममधून ते एक्स्टेन्शन हाताने काढा, मग स्कॅन करा. काढायचं बटणच चालत नसेल आणि मेनूच्या तळाशी 'तुमच्या संस्थेकडून नियंत्रित' अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर ॲडवेअरने, म्हणजे जाहिराती घुसवणाऱ्या प्रोग्रामने, विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) पॉलिसी, म्हणजे सक्तीचा नियम, घातलेली असू शकते. ॲडवक्लीनरच्या सेटिंग्जमध्ये क्रोम पॉलिसी पुसण्याचा पर्याय आहे, तो चालू करून पुन्हा चालवा. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी घालतात, तेव्हा ओळ दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

ॲडवक्लीनरची उणीव एकच, पण मोठी: ते राखण करत नाही. बोलावलं तेव्हा झाडून जातं, बस. रोजच्या राखणीला विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, पुरतो. हट्टी प्रकरणात त्याचं ऑफलाइन स्कॅन वापरा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन पंधरा मिनिटांच्या आसपास ते चालतं. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर लाइट जायच्या वेळेला सुरू करू नका.

ठरावीक साइटवर असतानाच जाहिराती उसळत असतील तर ते काम यूब्लॉक ओरिजिन लाइटचं. क्रोमने 2025 मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केल्यामुळे तिथे आता ही लाइट आवृत्तीच घ्यावी लागते. फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन अजून चालतं आणि ते जास्त दमदार आहे. नुसतं 'यूब्लॉक' नावाचं एक्स्टेन्शन वेगळं, नाव वाचून घ्या. लाइटच्या चिन्हावर क्लिक केलं की एक पट्टी दिसते: नो फिल्टरिंग, बेसिक, ऑप्टिमल, कम्प्लीट. ऑप्टिमल ठेवा. पीक विम्याची किंवा प्रवेश अर्जाची पावती नव्या खिडकीत उघडतच नसेल, तर त्या साइटपुरती पट्टी 'नो फिल्टरिंग'वर आणा आणि पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे पॉप-अप अडवल्याचं चिन्ह आलंय का तेही बघा. साइट सरकारी आहे, पत्ता डॉट जीओव्ही डॉट इनने संपतोय, एवढं आधी पडताळा.

पैसे मागणारे 'पीसी क्लीनर' घेऊ नका. फुकट स्कॅनमध्ये शेकडो चुका दाखवून दुरुस्तीला कार्ड मागणं हीच त्यांची रीत.

पूर्ण स्क्रीन भरून, भोंगा वाजवत 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' असा नंबर आला तर तो फसवणुकीचाच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ4. तरी हललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमध्ये क्रोम निवडा आणि एंड टास्क करा. पुन्हा उघडल्यावर जुनी पानं परत आणायची का असं विचारलं तर नाही म्हणा. विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्याची पूर्ण पानभर सूचना मात्र खरी असू शकते, तिच्यात नंबर नसतो आणि भोंगाही नसतो. फसव्या नंबरवर आधीच फोन होऊन कुणाला एनीडेस्कसारख्या, दुरून कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या ॲपने आत घेतलं असेल, तर पहिल्यांदा नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवा. स्कॅनिंग त्यानंतर.